वीस थाऊचा फरक

"महिपा, ही गाडी हाय का अंघोळीचा टब?"

वस्तादांनी हे विचारलं तेव्हा खोकं नुकतंच फोडलं होतं आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे होतो. पेंढ्यात गुंडाळलेलं लाल फायबरचं एक धूड आत पालथं पडलं होतं. ना चाकं, ना इंजिन, ना दारं. दुसऱ्या खोक्यात चौकोनी पाइपांची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा होता आणि तिसऱ्यात नटबोल्टांच्या पिशव्या अन् इंग्रजी नकाशांचं पुडकं. एवढं सामान उद्यमनगरात आमच्या शेडसमोर पसरून नेर्लेकर वकील मुंडावळ्या बांधल्यासारखे मिरवत होते.

"किट म्हणतात मेस्त्री याला," वकील म्हणाले. "घरी जोडायची गाडी. दोन माणसांची, उघडी. पन्नाशी झाली, म्हटलं स्वतःला काहीतरी द्यावं."

"घरी जोडायची, तर मग हितं कशाला आणलीसा?" मी विचारलं.

"घरी बायको आहे."

सगळे हसले. आमच्या शेडमधला नवा कारागीर शिवलिंग तेवढा हसला नाही. तो उकिडवा बसून नकाशे उलगडत होता.

"वस्ताद," तो म्हणाला, "नकाशात इंजिन जुन्या फियाटचं दावलंय. वकीलसाहेबांनी आणलंय ते जपानी."

"तेच तर," वकील म्हणाले. "गिअरबॉक्स फियाटचाच आहे, पण इंजिन मला ते म्हातारं नको. अपघातात मोडलेल्या एका गाडीचं तेराशे सीसीचं इंजिन मिळालंय, चकाचक. तेवढं त्याला जोडून द्या."

'तेवढं' म्हणजे काय हे वकिलांना ठाऊक नव्हतं. इंजिन एका घराण्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्या. भोकाला भोक जुळत नाही, मापाला माप लागत नाही. वस्तादांनी इंजिनभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि मग मान वर करून त्यांनी जे विचारलं ते मला विचारलंच नाही.

"शिवू, तुला काय वाटतं?"

एकोणीस वर्षं मी केरबा वस्तादांच्या हाताखाली होतो. लेथ कसा पुसायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. मला 'महिपा' म्हणायचे, माझ्या लग्नात त्यांनी माझ्या बापाच्या जागी उभं राहून पाहुण्यांचं केलं. पण 'तुला काय वाटतं' हा प्रश्न त्यांनी मला एकोणीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता. आणि हा निपाणीचा शिवलिंग तोडकर, येऊन आठ महिने झालेला, सव्वीस वर्षांचा, त्याला विचारत होते.

शिवलिंगनं थोडा विचार केला. "मधी जाड प्लेट घालायची. एका अंगाला इंजिनची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. अन् क्लच मोठा हाय, तवा फियाटची घंटा पुरायची न्हाई. घंटा नवी ओतून घ्यावी लागंल."

"बरोबर," वस्ताद म्हणाले. मलाही हेच सुचलं होतं. शपथेवर सांगतो, अगदी हेच.

घंटा म्हणजे क्लचवर बसणारं घंटेच्या आकाराचं घर. इंजिन, त्याला प्लेट, प्लेटला घंटा आणि घंटेला गिअरबॉक्स, अशी ही उतरंड. इंजिनचा फिरणारा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा या सगळ्यातून एका रेषेत यायला हवेत. फरक चालतो तो फार तर पाच थाऊचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वहीचा कागदसुद्धा तीन-चार थाऊ जाड असतो, यावरून समजा.

त्याच दिवशी चहा पिताना वस्ताद म्हणाले, "वकिलांची गाडी रस्त्याला लागली की मी घरी बसणार. हात कापाय लागलेत. मोठा लेथ तुमच्यातल्या एकाच्या हातात देणार."

मोठा लेथ म्हणजे शेडच. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी ते असं म्हणाले असते तर 'तुमच्यातल्या एकाच्या' असं म्हणाले नसते, कारण मी एकटाच होतो.

मग कामं वाटली गेली. घंटा मला, प्लेट शिवलिंगला.

घंटा काही हलकं काम नव्हतं. भट्टीतून ओतून आलेलं ॲल्युमिनियमचं ते बोजड धूड मोठ्या लेथवर चढवून मधला गाळा, म्हणजे आतली गोल पोकळी, कापायचा होता, म्हणजे लेथ माझ्याच हातात होता. पण सगळ्या गाडीचा जीव प्लेटमध्ये होता, दोन घराणी जुळणार होती ती तिथं, आणि ती शिवलिंगला मिळाली होती. मी शहाणा असतो तर निमूट घंटा कापत बसलो असतो. त्यातलं मला काही जमलं नाही.

रात्री जेवताना शालन, माझी बायको, म्हणाली, "तुमी भाकरीबरोबर आज बी शिवलिंगच खायला लागलाय जनू. चौथ्यांदा नाव घेतलंसा."

"तो वस्तादांना गुंडाळतोय."

"वस्ताद काय भजी हायती, गुंडाळाय?" ती हसायला लागली. मी ताट सारलं.

घंटेचा शेवटचा हात मारायचा होता तो दिवस मला नीट आठवतो. घंटा लेथच्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, धरली होती, चार जबडे आवळले होते, काट्याचा गेज लावून मध्य पाहून घेतला होता. तेवढ्यात बाहेर अंगणात वस्ताद मोठ्यानं हसले. वस्ताद हसणारे नव्हते. मी दारातून पाहिलं. शिवलिंग काहीतरी सांगत होता आणि वस्ताद त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी परत आलो, एक जबडा जरा ढिला वाटला म्हणून पाना टाकून करकचून आवळला आणि लेथ सुरू केला. पुन्हा गेज लावायला हवा होता, तो लावला की नाही, याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. गाळा कापून झाला. कड गुळगुळीत आली. मी खालच्या अंगाला माझा 'म' ठोकला. आमच्या शेडमध्ये ज्यानं त्यानं आपापल्या कामावर आपलं अक्षर ठोकायचं, अशी रीत होती.

दुसरीही एक रीत होती, आणि ती जास्त कडक होती. दुसऱ्याच्या कामाला न विचारता गेज लावायचा नाही. वस्ताद म्हणत, मोजायचं असेल तर त्याला सांगून, त्याच्यासमोर मोजा. पाठीमागून मोजणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडून वाचणं.

त्यानंतर मेव्हण्याच्या लग्नासाठी मी तीन दिवस गडहिंग्लजला गेलो. परत आलो तर शेडची हवाच बदललेली. शिवलिंग माझ्या नजरेला नजर देईना. "या दादा," म्हणाला आणि कानस घेऊन मागच्या बाजूला गेला. आणि वस्तादांनी मात्र मला जवळ बसवून घेतलं, लग्नात जेवायला काय होतं विचारलं, आपल्या हातानं चहा ओतून दिला. मी काय समजायचं ते समजलो. माझ्या माघारी शिवलिंगनं काहीतरी घाण केली असणार आणि वस्तादांना माझी किंमत कळली असणार. तीन दिवस मी शीळ घालत काम केलं.

प्लेट तयार होऊन टेबलावर पडली होती. काय सुरेख केली होती म्हणून सांगू! भोकं काचेसारखी, कडा मारून घेतलेल्या, कोपऱ्यात छोटा 'शि'. मला ती बघवेना. दुपारी वस्ताद घरी जेवायला गेले, शिवलिंग देवळाकडे गेला. शेडमध्ये मी एकटाच होतो. हात आपोआप गेजकडे गेला.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा वाटलं, माझंच चुकलं. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा पिना बदलून मोजलं. इंजिनच्या बाजूचा मध्य आणि घंटेच्या बाजूचा मध्य एका जागी नव्हते. वीस थाऊचा फरक होता. चारपट चूक! चार दिवस शिकलेला पोरगाही एवढी करणार नाही.

मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मुलगा झाला तेव्हा झाला नव्हता इतका आनंद झाला. मी प्लेट जिथल्या तिथे ठेवली, फडक्यानं माझ्या बोटांचे ठसे पुसले आणि बाहेर येऊन पान खाल्लं.

लगेच सांगितलं असतं तर वस्तादांनी शिवलिंगला बाजूला घेऊन कान धरला असता, प्लेट पुन्हा करायला लावली असती आणि विषय संपला असता. मला तो संपायला नको होता. मी चार दिवस गप्प बसलो. इंजिन जोडायच्या दिवसाची वाट पाहत बसलो.

त्या दिवशी सकाळी दहाला वकील पेढे घेऊन आले. बरोबर त्यांचे दोन मित्र, शेजारच्या शेडमधले चार-पाच जण, सगळे गोळा झाले. इंजिन साखळीनं टांगलं होतं. चासीवर घंटा आणि गिअरबॉक्स मांडून ठेवले होते. शिवलिंगनं प्लेट उचलली.

"थांब," मी म्हणालो. "वस्ताद, आधी ती प्लेट मोजा."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "का?"

"वीस थाऊ बाहेर हाय."

वकिलांना काही कळलं नाही. "वीस थाऊ म्हणजे किती?"

"अर्धा मिलिमीटर," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढ्यानं सहा महिन्यांत क्लच खाऊन टाकंल साहेब, अन् गिअरबॉक्सचं बेअरिंग वेगळंच. असली गाडी तुमास्नी द्यायची का? लोक शेडच्या नावानं बोटं मोडतील."

वस्ताद पुढे आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तुला गेज लावाय कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मीच लावला."

"शिवूला विचारून?"

"न्हाई." मी मान ताठ ठेवली. रीत मोडली होती, पण चूक पकडली होती. मला वाटलं, दुसऱ्यापुढे पहिलं झाकून जाईल.

वस्ताद शिवलिंगकडे वळले. शिवलिंग प्लेट हातात धरून उभा होता आणि वस्तादांकडे पाहत होता. किती वेळ ते दोघं एकमेकांकडे पाहत होते कोण जाणे, मला तो फार लांब वाटला. शिवलिंग वाट पाहतोय असं वाटलं. कशाची ते तेव्हा कळलं नाही. मग वस्तादांनी मान खाली घातली.

"शिवू?" ते इतक्या हळू म्हणाले की मागच्या लोकांना ऐकूही गेलं नसेल.

"चुकलं वस्ताद," शिवलिंग म्हणाला. "माझ्याकडनंच चुकलं."

त्यानं प्लेट टेबलावर ठेवली. आपल्या मापांची पेटी उचलली, सदरा खुंटीवरून काढला आणि फाटकातून बाहेर पडला. वस्तादांनी त्याला हाक मारली नाही. वकिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच होता.

"प्लेट नवी कर, महिपा," वस्ताद म्हणाले आणि घरी निघून गेले.

दोन दिवसांत मी प्लेट केली. त्या दोन दिवसांत मी मोठ्या लेथकडे पाहून आत्ताच सांगून ठेवत होतो की तुझा पट्टा बदलायचा, तुझ्यावर नवा दिवा लावायचा. प्लेट दहा वेळा मोजली. एक थाऊसुद्धा इकडेतिकडे नव्हती. तिच्यावर मी 'म' ठोकला, जरा मोठाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकट्यानंच जोडणीला घेतलं. इंजिनला प्लेट बसली. प्लेटला घंटा बसली. गिअरबॉक्स सरकवला तर शेवटच्या बोटभर अंतरावर अडला. मी ढकललं, हलवलं, शिव्या दिल्या. मग गेज काढला. इंजिनच्या दांड्यावरच्या जड चाकाला गेज बांधायचा, काटा घंटेच्या गाळ्याला टेकवायचा आणि चाक हातानं एक फेरा फिरवायचं. सगळं जुळलेलं असलं तर काटा हलत नाही.

काटा चाळीसनं फिरला. मध्य वीसनं सरकला असला की काटा चाळीसनं फिरतो, एका बाजूला वीस आणि दुसऱ्या बाजूला वीस.

पहिल्यांदा मला शिवलिंगचाच संशय आला. जाताना त्यानं काहीतरी केलं असणार! मग मी घंटा खोलली आणि ती एकटीच मोजली. गाळा कडेच्या भोकांपासून वीस थाऊ सरकलेला होता. तो मी कापला होता. खाली माझा 'म' होता. आणि मला तो करकचून आवळलेला जबडा आठवला; घंटा मध्यावरून सरकली होती ती तेव्हाच.

मी कोपऱ्यात पडलेली शिवलिंगची प्लेट आणली. माझी काढली, त्याची लावली. घंटा जेवढी डावीकडे चुकली होती तेवढीच प्लेट उजवीकडे गेली होती. गिअरबॉक्स लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. गेज लावला. काटा दोन थाऊसुद्धा हलला नाही.

मी तिथेच फरशीवर बसलो. मग हात धुतले आणि निपाणीची एसटी पकडली.

शिवलिंगच्या भावाचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायचं दुकान होतं. शिवलिंग एका ट्रॉलीखाली आडवा पडून वेल्डिंग करत होता. मला पाहून बाहेर आला, डोळ्यांवरची काच वर केली.

"या दादा. पाणी देऊ?"

"पाणी नको. घंटा माझी चुकली हाय, हे तुला ठावं होतं."

त्यानं मान हलवली.

"कवापास्नं?"

"तुमी गडहिंग्लजला गेल्ता तवा. प्लेट कराय घंटेची मापं पायजे हुती. वस्तादांना इचारूनच गेज लावला मी."

"म्हंजे वस्तादांना..."

"त्यांनीच तर सांगितलं." तो हातातला वेल्डिंगचा चिमटा उघडझाप करत राहिला. "म्हणाले, नवी घंटा ओतून यायला तीन आठवडे जातील. अन् महिपाला सांगितलं तर तो लेथला पुन्हा हात लावायचा न्हाई. तू तुझी प्लेट उलट्या अंगाला वीस सरकीव, आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे. शपथ घातली मला."

"मी चारचौघांत तुझी अब्रू काढली रं. तवा तरी बोलायचं."

"मी वस्तादांकडं बगितलं की, दादा. ते बोलले असते तर मी बी बोललो असतो."

समोरच्या हॉटेलात भजी तळत होते. तेलाचा वास येत होता. "परत चल," मी म्हणालो. "मी सगळ्यांसमोर सांगतो."

"नको."

"माझ्यावर राग धरू नको."

"तुमच्यावर कशाचा राग? तुमी जळून केलं. जळणारा माणूस समजतो मला, माझा हा भाऊच हाय तसला." तो जरा हसला. मग हसणं गेलं. "पर त्यांना सगळं ठावं हुतं दादा. तरी त्यांनी मान खाली घातली. आता त्या शेडात मी कुणाच्या तोंडाकडं बगून काम करू?"

त्यानं काच डोळ्यांवर ओढली आणि पुन्हा ट्रॉलीखाली गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्ताद शेडमध्ये आले. मी इंजिनजवळ उभा होतो. मुद्दाम माझी प्लेट पुन्हा चढवून ठेवली होती, गेज बांधून ठेवला होता. मला सगळं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते म्हणतील, महिपा, तुझं चुकलं. म्हणतील, जबडा आवळल्यावर गेज का लावला नाहीस, गाढवा? म्हणतील, त्या पोराचा बळी गेला तुझ्यापायी. काहीही म्हणोत, पण मला म्हणोत.

"वस्ताद," मी म्हणालो, "माझी घंटा बाहेर हाय."

"आं?" ते थबकले. "काय म्हणतोस?"

"बघा की."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. खाली वाकले. हातानं चाक फिरवायला लागले. काटा हलू लागला.

"आरं तिच्या मायला," ते म्हणाले. "वीस की रं!"

चाकानं अजून पाव फेरासुद्धा घेतला नव्हता. काटा जेमतेम पाचावर होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. चाक पुरं फिरवून, आपल्याला आत्ताच कळल्यासारखी मान हलवत ते उठले.

"हुतं असं," ते म्हणाले. "भट्टीचा माल, थंड होताना सरकला असंल. तुझ्या हाताचा दोष न्हाई."

"वस्ताद, शिवलिंगची प्लेट लावली तर सगळं बरोबर बसतंय."

"व्हय?" ते पुन्हा दचकले. वाईट नट होते ते. "म्हंजे बघ, त्याचीबी वीसच चुकली अन् तुझीबी वीसच, अन् उलट्या अंगाला! काय योगायोग म्हणायचा!"

मी म्हणायला हवं होतं की मी निपाणीला जाऊन आलोय. म्हणायला हवं होतं, वस्ताद, चाळीस वर्षांचा बाप्या आहे मी, दोन मुलांचा बाप, मला सांगा, मला झेपेल. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्यांचे डोळे घंटेवर खिळलेले होते, आणि ते घाबरले होते. मी बोलेन म्हणून घाबरले होते. मी मोडून पडेन म्हणून.

"व्हय वस्ताद," मी म्हणालो. "योगायोगच."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खांद्यावर हात ठेवला. "शिवूचीच प्लेट लाव अन् काम उरक. उद्यापास्नं मोठ्या लेथवर तू बसायचं."

वकिलांची गाडी आठवड्यानं रस्त्यावर आली. रंकाळ्याला दोन चकरा मारून वकील परत आले तेव्हा त्यांचे केस उभे होते आणि तोंड कानापर्यंत गेलं होतं. "काय जुळवलंय महिपतराव!" म्हणाले. मला मिठी मारली. वस्तादांनी सगळ्यांना सांगितलं की महिपानंच केलं. मी पेढा खाल्ला.

लोकांना वाटतं, शिवलिंग गेला आणि माझी जळफळ संपली. खरी जळफळ त्या दुपारी सुरू झाली. तोवर मला वाटायचं की वस्तादांचं प्रेम त्यानं माझ्याकडून पळवलं. प्रेम कुठंच गेलं नव्हतं, सगळं माझ्याचकडे होतं. आजारी लेकराला औषध गुळात घालून देतात, तसलं प्रेम. शिवलिंगला मात्र त्यांनी खरं सांगितलं, त्याचं मत विचारलं, आणि चारचौघांत मान कापून घ्यायची पाळी आली तेव्हा ती त्याला झेपेल असं धरून त्याचीच मान पुढे केली. माझ्यावर तेवढा भरवसा त्यांनी मरेपर्यंत ठेवला नाही.

अठ्ठावीस वर्षं झाली. मोठा लेथ माझ्या हातात आहे, शेडवर माझं नाव आहे. तो तिकडे निपाणीला ट्रॉल्या जोडतो, आणि मी अजून त्याच्यावर जळतो.